अकरा साड्यांची कादंबरी

पानं मी मोजत नाही, साड्या मोजते.
आत्ता चालू आहे ती कादंबरी अकरा साड्यांची.
मागची सव्वीस साड्यांची होती,
त्यातल्या निदान आठ लेखकाने गाळायला हव्या होत्या.

सुदामा नगर. पुढच्या खोलीत पिको-फॉलचं मशीन.
डावा कान कादंबरीला दिलेला,
उजवा सोनीभाभींसाठी मोकळा:
"फॉल का रंग नी मिल रिया, दीदी."
मिळतो. उजेडात नेऊन बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.
रडत वाचणारे मला चालत नाहीत.
तुम्हीच रडलात तर मी काय करू?
माझ्या वाटणीचं माझ्याकडे राहू द्या.
दार लिहिलं असेल तर दाराची करकर कशाला वाजवता?
दार मला माहीत आहे.
आणि बाई बोलायला लागली की गळा पिचकवणारे पुरुष
एकदा माझ्या नणदेसमोर बसवायला हवेत,
फोनवर गॅसवाला तिला 'साहेब' म्हणतो.

सगळ्यांत चांगला अनिरुद्ध खोचरे.
पंगतीत जुना वाढपी वाढतो तसा वाचतो,
आग्रह नाही, घाई नाही,
तुमचा घास गिळून होईतो पुढे सरकत नाही.
मरणाचा प्रसंग आला की मी पायडलवरून पाय काढते.
खोचरेसाठी काढते. बाकीच्यांची माणसं
मशीनच्या खडखडाटात मरतात.

चौदाव्या प्रकरणात त्याला सर्दी झाली.
लेखकाने सर्दी कुठेच लिहिलेली नव्हती.
नायक तारेची वाट बघत उभा,
आणि मनोरमाची हळूहळू बदोरबा होत गेली.
पंधराव्यात एकदम खणखणीत.
मध्ये किती दिवस गेले असतील?
कुणी आलं-गवती चहा उकळून दिला का,
की एकटाच राहतो?
त्या प्रकरणात मनोरमाचं लग्न ठरलं म्हणे.
माझं लक्ष नव्हतं.

मग सोळाव्यात एक मावशी आली, इंदूरची.
मी खुर्ची पुढे ओढली. आपल्याकडची बाई, पुस्तकात!
आणि खोचरे,
माझा खोचरे,
"मी येऊन राहिले नाऽऽ" असं म्हणाला,
'राहिले'वर गादीवर लोळावं तसा लोळून.
काचेपलीकडे नक्की कुणीतरी हसलं असेल.

सुई कापडात, पाय अधांतरी.
आम्ही असं बोलत नाही.
म्हणजे, बोलतो.
पण असं नाही.
आमचं 'राहिले' आमटीतल्या हिंगासारखं असतं,
आहे हे कळतं, दाताखाली येत नाही.
मागे नेऊन तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा त्याला थांबवलं आणि मीच म्हटलं,
मोठ्याने, रिकाम्या खोलीत:
"मी येऊन राहिले ना, तू जेवून घे."
असं. इतकं सोपं आहे.

दारात सोनीभाभी.
"किससे लड़ री हो?"
म्हटलं, घर के ही आदमी से.

चार दिवस दुसऱ्या कुणाचं तरी लावलं.
प्रत्येक वाक्याला जिना चढल्यासारखा धापा टाकत होता.
परत आले.

बाविसाव्यात मावशी वारली.
उज्जैनच्या गाडीत, खिडकीशी, डबा मांडीवर.
त्याआधी एकदाच फोनवर म्हणाली ती,
म्हणजे तो म्हणाला,
"मी येऊन राहिले ना."
लोळला नाही.
साधं. आमटीतलं.
मधल्या सहा प्रकरणांत कुणी सांगितलं त्याला?
कुणी भेटलं का, कुणाची आई, शेजारीण,
की बाईच्या इतके दिवस संगतीत राहून
आपोआप आलं?

पुढच्या ओळीतला 'म' जरा जड होता.
सर्दीचा नव्हता.
सर्दीचा मला ओळखू येतो.

माझा पाय काढायचा राहूनच गेला.
दहाव्या साडीचा फॉल उलट्या बाजूला, पार पदरापर्यंत.
सोनीभाभींचीच आहे, उद्या सकाळी हवी आहे.
उसवून राहिले आहे मी.