अकरा माणसांचं खुराडं

कारखाना बंद झाला तेव्हा मला मिळाले
तीन महिन्यांचे पगार, गमबुटांचा एक जोड,
आणि हे हात, मिनिटाला चौदा मासे चिरणारे,
ज्यांना आता चिरायला काही नव्हतं.
समुद्राला ताप आला होता,
पांढरी पोटं वर करून मासे तरंगले.
मालक विमानात बसले.
आम्ही किनाऱ्यावर राहिलो. किनारा कुठे जाणार?

मुलगा पुएर्तो मोन्तहून फोन करतो:
आई, इकडे ये, मॉलमध्ये सफाईचं काम आहे.
बघते, म्हटलं.
माझं बघते म्हणजे नाही,
हे त्याला दुधाचे दात होते तेव्हापासून ठाऊक.

नोलबेर्तोची नाव सात वर्षं वाळूत सडत होती.
तळ गेलेला, फळ्यांना शेवाळ,
पण वरची केबिन धड, सुकाणूच्या चाकासकट.
घेऊन जा, तो म्हणाला,
वाऱ्याशिवाय कुणी बसत नाही तिच्यात.

न्यायची कशी? आमच्या चिलोए बेटावर
घर हलवायचं तर गाव येतं.
घराला दोर, दोराला बैल,
आणि घर चालू लागतं, चुलीतल्या राखेसकट.
मजुरी द्यायची नसते, जेवू घालायचं असतं.
माझ्या केबिनीला अकरा जण आले, बैलांच्या दोन जोड्या.
ऐन ओहोटीत, चिखलात एक बैल खाली बसला.
एल्सिरानं त्याला शिव्या घातल्या, मग एक बटाटा.
बटाट्यानं काम केलं.
रात्री तिसऱ्यांच्या कालवणाचं पातेलं
मी उलथण्यानं खरवडलं.

आता सुकाणूच्या चाकावर कोंबड्या झोपतात,
गोल खिडकीतून खाडीकडे बघतात
रस्ता चुकलेल्या पण कबूल न करणाऱ्या कप्तानासारख्या.
ज्या जाळीत हजारोंनी मासे कोंडले होते
ती मी अंगणावर ताणली.
ज्या स्टीलच्या टेबलाशी नऊ वर्षं उभी होते
ते उलटं करून दाणे टाकते.
चोची माझ्याच सुरीच्या रेघांवरून फिरतात.

सप्टेंबरात मिंक आलं.
जाळीला चार बोटांचं भोक होतं,
उद्या शिवू म्हणून मीच ठेवलेलं.
सकाळी पाचांतल्या चार.
खाल्लं काहीच नव्हतं, नुसत्या मारून मांडलेल्या,
पट्ट्यावरून मासे यायचे तशा, ओळीनं.
मी पिसं काढली. रस्सा केला.
दोन दिवस वाटत राहिलं, मॉल काय वाईट.

उरली ती शेपटी नसलेली, कानांशी मिश्यांचे झुबके,
खुडूक झालेली.
जाळ्याचं एक बूच पोटाखाली घेऊन
ठाण मांडून बसली.
हात नेला तर फुगली, टोचलं.
अगं, बूच आहे ते, मी म्हटलं.
तिला त्याचं काही नव्हतं.

एल्सिरा आली. एप्रनच्या खिशातून
एकेक करत सात अंडी काढली,
आभाळ निवळतं त्या दिवसाच्या निळ्या रंगाची.
रात्री सरकव हिच्याखाली.
आणि आधी ते भोक शिव, आळशे.

शिवलं. चिरणाऱ्या हातांना टाके नीट येत नाहीत.
एकवीस दिवसांनी सातातली पाच फुटली,
एक पिल्लू आईच्या पाठीवर चढलं
आणि तिथून थेट पाण्यात पडलं.

मुलाला सांगितलं. तो खूश.
म्हणजे आई, तू आता स्वावलंबी झालीस!
मी गप्प राहिले जरा.
नाव नोलबेर्तोची. अंडी एल्सिराची.
जाळी बुडालेल्या कंपनीची, तिला पत्ताही नाही.
पाणी पागोळ्यांचं, पिंप कुणाचं ते विचारू नका.
माझे फक्त टाके, तेही वाकडे.

बघते, म्हटलं.
तो हसला. त्याला कळलं असावं.
रविवारी ये, मी म्हटलं,
आणि येताना खिळे आण.
गंजलेले चालतील.