मेळवण

सांगलीहून नवी आले तेव्हा
विरजण मागायला समोर गेले.
इलाबेननी वाटीत मेळवण दिलं.

दही लागलं. शब्दही.

दांडिया बाजारात सासरची बारा घरं,
सणावाराला एकमेकांत गुंतलेली;
तिथं अजून विरजणच.
नणंद कुमुद तर बघते माझ्याकडे,
मी ताकात पाणी जास्त घातल्यासारखं.

यांचं दुकान मांडवीत.
चप्पल काढता काढता मराठीत येतात,
एखादा ‘चालो’ उंबऱ्यावर सांडतो.
माझ्या दुपारी मात्र इलाबेनच्या ओट्यावर,
पापड उलटत.

काल आईला फोनवर म्हटलं,
आता इथं गमतं.
ती थांबली.
‘करमतं म्हण गं.’

हो म्हटलं.
इलाबेनची वाटी
अजून माझ्याकडेच आहे.
एकोणीस वर्षं.