पाणक्या

थांब, झाकणाला हात नको लावूस.
फडकं गुंडाळलंस तरी तोंड भाजेल.
अख्खा घाट चढून आलंय इंजिन, धापा टाकतंय, टाकू दे.
बस असा दगडावर. प्रवासी उतरतील, शिव्या देतील,
पोरं कड्याकडे तोंड करून मुततील.
पाणी मी घालतो. मला येतं हे काम.

चाकोच्या लढाईत मी पाणक्या होतो.
नाव ऐकलंयस? नसेलच.
दोन गरीब देश काटेरी रानासाठी भांडले
आणि जग त्या वर्षांत दुसरीकडे बघत होतं.
आम्ही थंड पठारावरची माणसं, लामांच्या कळपामागे वाढलेली.
ट्रकांतून आणून आम्हाला ओतलं
कुऱ्हाडीची धार मोडणाऱ्या झाडांत,
जिथं सावलीलाही काटे.

तुकडीत एक चिलखती गाडी होती.
बुटकी, माझ्या छातीला लागेल एवढी.
फाउस्तिनो चोकेवांका हाकायला, लिबोरिओ मशीनगनवर,
आणि दोघांच्या मध्ये, मांडीला मांडी लावून, इंजिन.
लोक चुलीशेजारी बसतात. हे दोघं चुलीत बसायचे.
आम्ही तिला किर्किंचो म्हणायचो,
आपल्या ओरुरोच्या वाळूतला तो कवचवाला,
मेला की पाठीवर तारा ताणतात आणि तो गातो.
ही कधी गायली नाही.

कागदावर लिहिलं होतं:
इंजिनाला दहा लिटर, बंदुकीला चार,
माणसाला अर्धी बाटली.
याच क्रमानं.
रात्री मी डब्यांशेजारी बसायचो, बंदूक घेऊन, पाच गोळ्या.
गोळ्या कोणासाठी, ते कॅप्टननं सांगितलं नाही.
सांगायची गरज नव्हती.

एका रात्री आवाज आला, मांजर दूध पितं तसा.
तिबुर्सिओ. पोटोसीचा, सतरा वर्षांचा.
गाडीचं लोखंड चाटत होता.
पहाटेआधी त्यावर थोडं दव धरायचं ना, ते.
जीभ सुजून दातांबाहेर आलेली.
मागितलं काहीच नाही त्यानं.
मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

किती प्याला? मोजलं नाही मी.
मोजणं, एवढंच तर माझं काम होतं.
नंतर मी डब्यात मुतलो, भरपाई म्हणून.
अंगात होतं कुठं तेवढं?

दुसऱ्या दिवशी मोकळ्या माळाच्या ऐन मध्यावर
गाडीनं पांढरी वाफ सोडली आणि बसली.
फाउस्तिनो उतरला. टोपी काढून
वारा घालत होता इंजिनाला,
ताप चढलेल्या पोराला घालतात तसा.
तिथंच पडला.
लिबोरिओची बंदूक उकळेपर्यंत वाजत राहिली,
मग तीही नाही.

पॅराग्वेच्या लोकांनी बैल जुंपून गाडी ओढून नेली.
त्यांच्या तावडीतून सुटून आलेला एकजण सांगत होता,
त्यांनी आधी बंदूक नाही पाहिली.
आधी रेडिएटर उघडला,
आणि एक म्हातारा सार्जंट आत तोंड घालून रडायला लागला.

तिबुर्सिओ जगला. चांभारकाम करतो.
दरवर्षी कार्निव्हलच्या आधी मला जोडा पाठवतो, शिवण अशी की बघत राहावं.
चिठ्ठी नसते. मापही कधी विचारलं नाही त्यानं.
सात जोड पडलेत खाटेखाली.

फाउस्तिनोची बायको? नाही.
नाही गेलो मी तिच्या गावाला.
ही बस जाते तिच्या फाट्यावरून.

ऐक, शिट्टी थांबली.
आता उघड. अर्धा फेरा, तोंड बाजूला.
आण तो डबा.
अरे, तू नको पिऊस आत्ता.
आधी तिला.