आऊट

सेलूच्या स्टेशन रोडला, जिनिंगसमोर,
मौलाली उस्तादचं टेबल.
जुन्या सायकलचा चिमटा उलटा ठोकलेला,
त्यात चाक. बस, एवढीच मशीन.

उघडी रिंग, चाळीस आरे, ताटलीत तेल.
निपल बुडवून लावायचे.
दोघांवरून, तिसऱ्याखालून.
तिसरा विसरलो की उस्ताद बोलायचा नाही,
आख्खं चाक परत सोडायचा.

मग खडू. मनगट टेकवून धरायचा, चाक फिरवायचं;
रिंग बाहेर येते तिथं रेघ उमटते.
"खडूकडचा ढिला कर, पल्याडचा ताण.
पाव आटा रे. अर्धा दिलास
की दुसरीकडं बोंब."

शेवटी चाक काढून उलटं लावायचं.
तरीही रिंग मधोमध, तरच सेंटर.
नाहीतर आपलीच नजर तिरकी.

मोतीबिंदू झाला तसा खडू माझ्याकडं आला.
तो नखानं आरे छेडत बसायचा.
समोर जिनिंगचा भोंगा, हमालांचा गलका,
तरी म्हणायचा, "सतरावा रडायलाय, बग."
मी मोजायचो. सतरावाच.
एकदा अठरावा निघाला, तर म्हणे,
"व्हॉलपासून मोज ना, येड्या."

काल नामदेव गिराम दोन कॅन लटकवून गेला,
दूध काठोकाठ.
मागचं चाक माझं, पहिलं, एकट्यानं बांधलेलं.
उस्तादनं मान कलती केली,
फाटकाच्या पलीकडं जाईपर्यंत ऐकत राहिला.
बोलला नाही.

मला वाटलं, आता बोलावून सोडायला लावतो.

मग त्यानं चहा सांगितला.
दोन.