हमाली

माराकाइबोत पहाटेचे तीन. वीज गेलेली, पंखा मुका.
युलेइसी फोनमधली उरलेली अकरा टक्के बॅटरी
भावावर खर्च करते आहे.

एउडोमारला कुकुतात मोटारसायकलचा टायर हवाय.
पैसे आहेत तिच्याकडे: वर्षभर
परक्यांच्या मालिकांना उपशीर्षकं लिहून
जमलेले, त्रेचाळीस तुकड्यांत.

इथेच मेख आहे.
बिटकॉइन रक्कम विचारत नाही.
हमालासारखं विचारतं, ओझं किती?
जहाज विकत घेणाऱ्याचा एकच अखंड तुकडा
पिसासारखा पलीकडे जातो.
तिची चिल्लर जड.
प्रत्येक तुकड्यामागे एक सही,
सहीला जागा,
जागेला भाडं.

शुक्रवारी दुपारी तिनं आकडा पाहिला होता:
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
तेव्हा मुकाट फोन मिटवला.

आज रविवार, बाजार ओसरलाय.
ती परवडेल तेवढीच हमाली लिहिते
आणि रांगेच्या शेपटाला उभी राहते.

दहाएक मिनिटांनी कुठेतरी एक दार उघडतं,
चढी बोली लावणारे आत जातात,
दार बंद.
पुन्हा उघडतं. पुन्हा तेच.
बॅटरी चार टक्के.

साडेसहाला पाराग्वेतल्या एका धरणापाशी
गुरगुरणारं यंत्र
पोत्यात उरलेली फट बघतं
आणि तिचे त्रेचाळीस तुकडे त्यात कोंबतं.
दयेनं नव्हे;
जागा वाया जाऊ नये म्हणून.

कुकुतात एउडोमार लिहितो:
'मिळाले गं. पण थोडे कमी का?'

तिचा फोन केव्हाच विझलाय.