अंगठा

बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतल्या दोरीवर
एकवीसशे रुपये वाळत घातलेत.
पाचशेच्या चार, शंभरची एक. चिमटे लावून.
मिठानं कडा पापडासारख्या झाल्यात.
समोरच्या शहाडेबाई दूध तापवता तापवता
दोनदा मोजून गेल्या.

पाकीट आहेराचं. पुतणीच्या लग्नातलं उरलेलं,
वर गणपती, कोपऱ्यात चिकटवलेला रुपया.
माणशी तीनशे, आम्ही सात.
बोटीवरच्या माणसांना द्यायचे म्हणून
कात्रजचा बोगदा यायच्या आत मी गोळा केले.
अडतीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली,
असली कामं मला कुणी विचारून देत नाही.
बोंद्रे म्हणाले, पॅकेजमध्ये धरलेलंच असतं हो सगळं.
तरी पाचशेची काढली,
आणि दोनशे परत मागितले, फोंडाघाटात, आठवणीनं.

बोटीवर आम्ही तसे शहाण्यासारखेच वागलो.
चपला काठावर काढल्या, देवळात काढतो तशा.
बोंद्रे कुणाच्या तरी मास्कवर बसले, पण उठले लगेच.
मला मळमळलं तेव्हा हरेश्वरनं
नुसतं खांद्याला धरून वाऱ्याच्या पाठीकडं वळवलं,
कोकम दिलं, आणि दुसरीकडं बघत राहिला.
इतकं नीट दुसरीकडं बघणारा माणूस
मी शनिवारात पण पाहिला नाही.

मग खाली.
पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्याचे, माझ्या बोटांशी.
साठाव्या वर्षी एवढं सुख अंगावर आलं
की मी त्याला अंगठा दाखवला. झकास!
त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा दाखवला.
त्यानं माझा दंड धरला
आणि हळूहळू, थांबत थांबत,
मला वर आणून सोडलं.

सहा मिनिटं. बाकीच्यांना वीस मिळाली.

किनाऱ्यावर तो टाक्या उतरवत होता,
ओल्या बनियनमध्ये, पाठमोरा.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
पाकीट माझ्या पिशवीत, हात पाकिटावर.
गाडीत म्हणाले, अगंबाई, द्यायचं राहिलंच!
सगळ्यांनी मानलं. कॅशिअर विसरली.

राहिलं नव्हतं.
चौदा मिनिटं वजा केली होती मी.

काल सोसायटीच्या तलावावर
खालच्या मजल्यावरची मैथिली दम धरायला शिकत होती.
तिच्या सरांनी अंगठा वर केला, म्हणाले,
याचा अर्थ छान नाही बरं. याचा अर्थ, मला वर ने.
आणि हे दिसलं की वाद घालायचा नसतो,
कारण विचारायचं नसतं,
माणसाला आधी वर न्यायचं.

मी काठावर टॉवेल घेऊन उभी.
तेवढ्यात पाणी नाकात गेल्यासारखं झालं.

ड्रायव्हरकडून नंबर घेतला. लावला.
मागं जनरेटर, कुत्रं, वारा.
"कोण? पुण्याचे अंगठेवाले बाय मां तुमी?"
हो, म्हटलं. तीच.
पैसे द्यायचे राहिले होते, म्हणजे, मी दिले नव्हते.
तो जरा थांबला. म्हणाला, "आमी तिघां होतो ओ.
टाक्यो भरता तो बाबल, नि नांगराकडचो झील."
मला बाबल आठवेना. नांगर पण आठवेना.
तिघांत वाटा, म्हटलं.
"वाटतलंव. प्वॉट कसा आसा आता?"

फोनवरून पाठवले. एकवीसशे एक.
वरचा रुपया पाकिटावर तसाच आहे,
नखानं निघत नाही.
नोटा उद्या काढीन, दुधवाल्याला देईन,
तो वास घेईल आणि काही बोलणार नाही.

त्याचं उत्तर आलं. शब्द नाही एकही.
नुसता अंगठा.

आणि मी, ओट्याशी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये,
हळूहळू, थांबत थांबत,
वर आले.