बसून घेतलेलं माप

पहिला रॅक मी माझ्याच कमरेच्या हिशोबाने बनवला.
गोवंडीचा गाळा, पावणेसहा फुटांचा मी,
टेप सोडला, खडूने खूण केली: छत्तीस इंच.
वर पावडर कोटिंग. काळं, झकास.

हर्षला वैती आल्या जुन्या गाडीतून,
ब्रेक, ॲक्सिलरेटर हाताशी, शेजारच्या सीटवर घडीची खुर्ची,
मागे दोरीने आवळलेली हातसायकल,
तीन चाकं, पेडल छातीसमोर, सोळा किलो.
खुर्चीतून त्यांनी रॅककडे पाहिलं,
माळ्यावरच्या डब्याकडे मूल बघतं तसं.
"मास्तर, हे कुणाच्या कमरेपासून मोजलंत?"

मी उगाच ग्राइंडर चालू केला.

दुपारी पोरं जेवायला गेल्यावर
शटर अर्धं ओढून
चाकांच्या स्टुलावर बसलो, पाय पट्ट्याने बांधले,
आणि पाण्याचा जार, चार बोटं कमी भरलेला,
उचलायला गेलो.
गुडघ्यापर्यंत आला.
मग स्टूल मागे पळालं, जार पुढे,
आणि मी मधे, ओल्या लादीवर.
उचलणं हा उभ्या माणसांचा शब्द आहे,
हे मला पन्नाशीत, पडल्या पडल्या कळलं.

पुढचे तीन आठवडे बसूनच काम केलं.
रॅक उतरला जमिनीपासून नऊ इंचांवर.
पन्हळ अशी, की चाक नुसतं टेकवलं की आपणहून आत.
भंगारातल्या डिकीचे दोन गॅसचे दांडे,
खटका एका हाताचा, अंधारात बोटांना सापडणारा.
तरी वर चढताना अडायचंच.

"आमच्या होडीवर डोल ओढायला कप्पी असते," त्या म्हणाल्या.
"माझ्या बापाला कधी कुणी म्हणालं का, जाळं उचलून दाखव?"
ट्रॉम्बेच्या जेटीवरून कप्पी आणली,
पितळेची, मिठाने हिरवी पडलेली.

रविवारी साडेपाचला, बीकेसीत,
मी चहा घेऊन लांब उभा.
त्यांनी खटका ओढला. रॅक बसला खाली,
जुहूच्या उंटासारखा, आधी जरा कुरकुरत.
घट्ट कपड्यांतला एक सायकलवाला धावत आला,
"मॅडम, मी धरू?"
"धरा ना," म्हणाल्या, आणि
पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

तो धरून उभाच.
त्या सिग्नलपलीकडे गेलेल्या.

मी वहीत लिहिलं:
खटका डावीकडे घेणे.
दांड्याला रबर. आवाज होतो.